सरदार-इनामदार घराण्याची वंशावळ आणि वारसा: नाशिककरांसाठी कागद शोधण्यापासून वारस नोंदीपर्यंत

नाशिक जिल्ह्यात किताब आणि वतनं मिरवणाऱ्या घराण्यांची कमी नाही. विंचूरचे विंचूरकर, मालेगावचे राजेबहादूर, दिल्ली दरबारात पेशव्यांची वकिली केलेले चांदोरीचे हिंगणे, सुरगाण्याचे देशमुख ही ठळक नावं झाली. त्यांच्याखेरीज गावोगाव देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांचे वाडे आहेत. या घरांतली आजची पिढी वंशावळ काढायला बसते तेव्हा बहुतेक वेळा वाड्याची वाटणी, जमिनीची वारस नोंद किंवा देवस्थानाची वहिवाट यांपैकी काहीतरी अडलेलं असतं. हौस म्हणून सुरुवात करणारेही शेवटी तिथेच येऊन पोचतात.

अशा घराण्यात एक वंशावळ पुरत नाही, तीन काढाव्या लागतात: रक्ताची, मानाची आणि मिळकतीची. कोण कुणाच्या पोटी जन्मला ही पहिली. किताब, गादी, गावातला मान कुणाकडे गेला ही दुसरी. जमीन, वाडा, रोख नेमणूक कुणाच्या नावावर चढली ही तिसरी. तिन्हींचे नियम वेगळे होते, त्यामुळे तिन्ही ओळी प्रत्येक पिढीत एकाच माणसावर येतील असं नाही. भाऊबंदकीचे निम्मे वाद या तिन्हींची सरमिसळ केल्यामुळे होतात. थोरल्या पातीकडे, म्हणजे शाखेकडे, दसऱ्याचा मान आहे म्हणून वाडाही तिचाच, असा कायदा कुठेच नाही.

आधी घरातलं दप्तर

देवघर, माळा, जुनी ट्रंक, आजीची पेटी हे सगळं पालथं घाला. सनदा, इनामपत्रं, वाटणीपत्रं, दत्तकपत्र, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, सारा भरल्याच्या पावत्या, कोर्टाचे जुने निकाल, काहीही टाकू नका. लोक जन्मपत्रिकांकडे दुर्लक्ष करतात. खरं तर शके, संवत्सर, तिथी, वडिलांचं नाव आणि पुष्कळदा आजोबांचंही नाव एकाच जागी मिळण्याचं ते सर्वांत सोपं ठिकाण आहे.

मोडी कागद ओल्या फडक्याने पुसू नका. जुनी शाई बहुधा काजळीची असते, ती पाण्याने उतरते. लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरासकट कागद ओढून काढतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, घडी हळू उलगडा, दिवसाच्या उजेडात फ्लॅश न वापरता फोटो काढा. फोटोत कडेला मोजपट्टी असू द्या. पाठीमागची बाजूही टिपा, कारण शिक्का, "बार" (कागद नोंदून रवाना) झाल्याची खूण, दाखल्याचा शेरा पुष्कळदा मागेच असतो. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या आणि तो कुठल्या पेटीत, कुठल्या बस्त्यात सापडला ते लिहा. पुढे कोर्टात कागद गेला तर तो कुणाच्या ताब्यातून आला हा पहिला प्रश्न असतो. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर तो खरा मानण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यात आहे, आणि तो ताबा दाखवता आला पाहिजे.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं

"आपले पणजोबा कोण" असं विचारलं की ऐकीव पराक्रम ऐकायला मिळतात. त्यापेक्षा कुणाचं सुतक आपल्याला लागतं ते विचारा. दहा दिवसांचं कुणाचं, तीन दिवसांचं कुणाचं, आणि कुणाकडून "आता धरत नाही" असं ठरलं, याची यादी म्हणजे भाऊबंदांचा नकाशाच असतो. हे घरातल्या बायकांना पुरुषांपेक्षा नेमकं ठाऊक असतं, कारण स्वयंपाकघर त्यांचं थांबायचं. मग देवक कोणतं, कुलदैवत कोणतं, गोंधळ कुणाच्या अंगणात होतो, नवरात्रात मूळ घट कुठे बसतो हे विचारा.

मानाची ओळ काढायला वेगळे प्रश्न लागतात. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा? होळी कुणाच्या हातची? दसऱ्याला शिलंगणाची पूजा कोण करतं, पालखीला पहिला खांदा कुणाचा, जत्रेत मानाचा नारळ कुणाला? एखादा मान एका पातीकडून दुसरीकडे गेला असेल तर कधी आणि का गेला ते जरूर नोंदवा. त्यामागे दत्तक, निर्वंश होणं, गाव सोडणं किंवा कोर्टातला तडजोडनामा यांपैकी काहीतरी हमखास निघतं.

नावांची एक अडचण इथेच सोडवून टाका. आप्पासाहेब, दादासाहेब, बाबासाहेब, नानासाहेब ही घरातली हाक मारायची नावं प्रत्येक पिढीत परत येतात. शिवाय नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे माधव रघुनाथ, रघुनाथ माधव, परत माधव रघुनाथ अशी साखळी तयार होते आणि दोन माणसं एक होऊन एक पिढी गळते. म्हणून प्रत्येक माणसाला सांकेतिक क्रमांक द्या: मूळ पुरुष १, त्याचे मुलगे-मुली १.१, १.२, १.३, त्यांची मुलं १.२.१, १.२.२ असे. मुलींनाही क्रमांक द्या, सासरचं नाव पुढे लिहा. जुन्या वंशावळींत मुली नसतातच. आजच्या वारसा कायद्यात मात्र त्या पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, त्यांना वगळून काढलेला तक्ता तलाठ्याच्या टेबलावरच अडतो.

आडनाव बदललेलं असतं

सरदार घराण्यांत ही हमखास लागणारी ठेच आहे. विंचूरकरांचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव हे मूळचे दाणी. पंचवटीत रामेश्वराचं देऊळ बांधणारे, ज्यांची घंटा म्हणीत जाऊन बसली ते नारोशंकर, म्हणजे मालेगावचे राजेबहादूर, तेही दाणीच. एकाचं आडनाव जहागिरीच्या गावावरून पडलं, दुसऱ्याचं किताबावरून. त्यामुळे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले कागद शोधताना आजचं आडनाव घेऊन बसलात तर हाती काही लागणार नाही. मूळ आडनाव, मूळ गाव, गोत्र आणि हुद्दा या चारही धाग्यांनी शोधा. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौगुले ही तर कामाची नावं. एकाच गावातले दोन देशमुख एकमेकांचे कुणीही नसू शकतात.

रामकुंडावरच्या वह्या

नाशिककरांना जे घरबसल्या मिळतं त्यासाठी बाकी महाराष्ट्राला प्रवास करावा लागतो. पंचवटीतल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या आहेत. अस्थिविसर्जन, श्राद्ध, सिंहस्थातलं स्नान अशा निमित्ताने आलेल्या माणसाने स्वतःचं, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव लिहून द्यायचं आणि खाली सही करायची, अशी ही पद्धत.

आपला उपाध्या कोण हे यजमानाच्या आवडीवर नसतं, ते गाव, आडनाव आणि जात यांवरून ठरलेलं असतं. रामकुंडावर जाऊन मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की कुठल्या घरी जायचं ते तिथले लोकच सांगतात. जाताना आजचं गाव सांगू नका, पणजोबांचं गाव सांगा. घराणं स्थलांतरित असेल तर दोन्ही गावांच्या वह्या बघाव्या लागतात, आणि त्या वेगवेगळ्या उपाध्यांकडे असू शकतात. उपाध्यांच्या घरातही वाटण्या झाल्या आहेत आणि वह्या भावाभावांत विभागल्या आहेत, तेव्हा एका घरी "नाही" म्हणाले तर चुलत घरी विचारा. पितृपक्ष आणि सिंहस्थाच्या काळात हे काम काढू नका, त्यांना मान वर करायला फुरसत नसते. दक्षिणा द्या, आणि वही हातात घेण्याआधी, फोटो काढण्याआधी विचारा.

नोंद साधारण अशी दिसते (नमुना म्हणून रचलेली): "शके १७६९ प्लवंगनाम संवत्सरे माघ वद्य ३, राघोजी बिन मालोजी, आजे सुभानजी, बंधू तुकोजी व खंडोजी, पुत्र मालोजी, मातोश्री सगुणाबाई यांच्या अस्थी घेऊन आले, मुक्काम मौजे अमुक, परगणे चांदवड". एवढ्या चार ओळींत चार पिढ्यांच्या कामाचा मजकूर आहे: आजा, बाप आणि आई, स्वतः आणि भाऊ, मुलगा, शिवाय आई कधी वारली याचा अंदाज. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको. ब्राह्मण घराण्यांच्या नोंदींत "बिन" बहुधा नसतं, नावापुढे थेट बापाचं नाव येतं. त्यामुळे "विठ्ठल शिवदेव" हे एकाच माणसाचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव आहे, हे नवख्याच्या लक्षात येत नाही.

या वहीचा भरवसा किती? येणाऱ्याने स्वतः लिहिलेली, सही केलेली नोंद भक्कम. त्याने सांगितलेली आजा-पणजांची नावं ऐकीव, म्हणून एक पायरी खाली. आणि जुन्या वह्या जीर्ण झाल्यावर नव्या वहीत उतरवून घेतलेला मजकूर आणखी खाली, कारण नक्कल करताना ओळ गळते. वादाच्या वेळी कोर्टं या वह्या पुरावा म्हणून बघतात, पण वही सांभाळणाऱ्याने हजर होऊन ती शाबीत करावी लागते. नुसत्या मोबाइलमधल्या फोटोने भागत नाही.

तारखा जुळवणं

इथे घाई केली की सगळा तक्ता एका वर्षाने सरकतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघ-फाल्गुनातली तारीख १ जानेवारीला किंवा त्यानंतर पडत असेल तर ७९ मिळवायचे. वरच्या नमुन्यात माघ आहे, म्हणून १७६९ अधिक ७९, म्हणजे १८४८. फसली सनात ५९० मिळवा. मोडी कागदांवर जो सुहूर सन येतो त्यात ५९९ मिळवा, आणि वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या सुमाराला बदलतं हे लक्षात ठेवून जानेवारी ते मे या काळाला ६०० मिळवा.

पानिपताची तारीख सगळ्यांना पाठ आहे, तिच्यावर हात बसवून घ्या. १४ जानेवारी १७६१, शके १६८२ पौष शुद्ध अष्टमी. १६८२ अधिक ७९ बरोबर १७६१. त्याच दिवसाचा सुहूर सन "इहिदे सितैन मया व अलफ", म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात ६०० मिळवले की परत १७६१. सुहूर सन असा शब्दांत लिहिलेला असतो, तेव्हा हे आकडे पाठ करा: इहिदे/अहद १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०, मया १००, मयातैन २००, अलफ १०००. अर्बा आणि अर्बैन, सबा आणि सबैन, सीत आणि सितैन यांत मोडी वाचणाऱ्याची गफलत झाली की माणूस छत्तीस ते त्रेसष्ट वर्षं अलीकडे पलीकडे जातो.

ताळा घ्यायला संवत्सराचं नाव उपयोगी पडतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १६८२ अधिक १२ म्हणजे १६९४, बाकी १४, चौदावं संवत्सर विक्रम, जुळलं. शक आणि संवत्सर जुळत नसेल तर वाचनात चूक आहे किंवा कागद नंतर तयार केलेला आहे. खोट्या सनदा अशाच पकडल्या जातात.

मोडी कागद आणि पुण्याचं दप्तर

मोडी वाचकाला सगळं दप्तर उचलून देऊ नका. आधी कागदांचे फोटो दाखवून प्रत्येकाचा दोन ओळींचा गोषवारा घ्या, मग कामाचे निवडून त्यांचंच शब्दशः लिप्यंतर करून घ्या. लिप्यंतर आणि अर्थ वेगवेगळे मागा, आणि जिथे अक्षर लागत नाही तिथे जागा मोकळी सोडायला सांगा. "बहुधा" म्हणून भरलेलं नाव पुढे खरं होऊन बसतं. पुराभिलेख संचालनालयाची मोडी परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस घेतला तर सरकारी कामात त्याचं लिप्यंतर चालायला सोपं जातं.

घरचे कागद संपले की पुणे पुरालेखागार, म्हणजे जुनं पेशवे दप्तर. सरदार घराण्यांसाठी तिथला खजिना म्हणजे इनाम कमिशनचे कागद. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांनी प्रत्येक इनामदाराकडून हक्काचा पुरावा मागितला, तेव्हा घराण्यांनी सनदा, कैफियती (घराण्याची हकिगत सांगणारी लेखी निवेदनं) आणि वंशावळी दाखल केल्या. एका घरच्या कैफियतीत मूळ पुरुषापासून त्या काळापर्यंतची पूर्ण मांडणी सापडते. ती हक्क टिकवण्यासाठी लिहिलेली आहे हे मात्र विसरू नका. गैरसोयीच्या शाखा तिथे गाळलेल्या असतात, दत्तकाला "पुत्र" म्हणून उरकलेलं असतं.

दप्तर मागताना एक खाचखळगा आहे. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधी आजच्या जिल्ह्याचा काही भाग अहमदनगरकडे होता, तर मालेगाव-बागलाणकडचा खानदेशात. तेव्हा १८६९ पूर्वीचे कागद "नाशिक" म्हणून मागू नका, परगण्याचं नाव आणि जुना जिल्हा सांगा. जिल्ह्याचा १८८३ चा इंग्रजी गॅझेटियर परगणे आणि घराण्यांची पार्श्वभूमी समजायला चांगला, पण त्यातल्या घराण्यांच्या हकिगती ऐकीव आहेत. नाशिकमध्येच राहून काही बघायचं असेल तर १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याच्याकडे जुनी हस्तलिखितं आहेत.

इंग्रजी अमलात "दक्षिणेतले सरदार" अशी तीन वर्गांची यादी सरकार ठेवत असे. तुमच्या घरात "सरदार" लावतात ते त्या यादीतलं की पेशवाईतल्या पथकावरून, की नुसतं गावाने म्हटलेलं, ते इथे स्पष्ट करून घ्या. तिन्ही खरे असू शकतात, पण तीन वेगळे पुरावे लागतात.

मिळकतीची ओळ: आधी वतनाचा प्रकार ओळखा

कुणाला काय मिळालं हे इनामाच्या वर्गावरून ठरतं. मुंबई इलाख्यात वर्ग असे होते: १ सरंजाम (लष्करी चाकरीसाठी दिलेला मुलूख) व राजकीय इनाम, २ जात इनाम (व्यक्तीला दिलेलं), ३ देवस्थान, ४ देशमुख-देशपांडे यांची परगणा वतनं, ५ पाटील-कुलकर्णी वतनं, ६ गावनोकरांची वतनं, ७ शाळा-धर्मशाळा वगैरे सार्वजनिक कामांसाठी दिलेल्या जागा. गाव नमुना ३, म्हणजे दुमाला (इनामी) जमिनींची नोंदवही, आणि जुने सातबारे यांवर हा वर्ग लिहिलेला असतो.

सरंजाम वाटला जात नसे. इंग्रजी अमलात तो साधारणपणे थोरल्या पातीतल्या थोरल्या पुरुषाकडे जाई, आणि दर वेळी सरकारची नव्याने मंजुरी लागे. धाकट्या भावांना पोटगी. जात इनामाची मात्र वाटणी होई. म्हणजे एकाच घरात सरंजामाचं गाव थोरल्याकडे अखंड आणि जात इनामाची शेतं चार भावांत विभागलेली, असं चित्र दिसतं, आणि त्यात काहीही चुकीचं नाही.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं टप्प्याटप्प्याने गेलं. परगणा व कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने, सरंजाम १९५२ च्या नियमांनी, जात इनाम १९५२ च्या कायद्याने, कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या, पाटीलकी १९६२ च्या. देवस्थान इनाम टिकलं. शिवाय १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कुळांच्या ताब्यातल्या बऱ्याच जमिनी कुळांच्या झाल्या. म्हणून १९५० ते १९६५ या काळातले फेरफार एकही न सोडता काढा. "आमची तीनशे एकर होती" या वाक्याचं उत्तर त्याच पंधरा वर्षांत असतं. वतन खालसा होऊन जमीन परत दिली असेल तर ती भोगवटादार वर्ग २ मध्ये, शर्तीची असू शकते. परवानगी आणि नजराण्याशिवाय विकलेली असेल तर तो व्यवहार शर्तभंगात जाऊ शकतो.

क्रम उलटा धरा, आजपासून मागे. चालू सातबारा आणि आठ-अ, त्यावरच्या सगळ्या फेरफार क्रमांकांच्या नकला, मग जुने हस्तलिखित सातबारे, त्याआधीचं हक्कनोंद पत्रक, कडईपत्रक आणि सूडपत्रक (जमिनीच्या जुन्या महसुली नोंदी). स्कॅन झालेले अभिलेख महसूल विभागाच्या आपले अभिलेख संकेतस्थळावर मिळतात, नाही सापडले तर तहसीलचा अभिलेख कक्ष आणि भूमी अभिलेख कार्यालय. वाड्यासाठी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका. जिथे एकत्रीकरण योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आले, तेव्हा एकत्रीकरणाचा उतारा घेतल्याशिवाय जुनी शेतं नव्या गटांशी जुळणार नाहीत. फेरफारात "ए.कु.क." दिसलं तर ते एकत्र कुटुंब कर्ता. त्या माणसाचं एकट्याचं नाव असलं तरी जमीन त्याची एकट्याची नव्हे. किती घरांत धाकट्या पाती या तीन अक्षरांकडे न बघता हक्क सोडून बसल्या आहेत!

मृत्यूची तारीख सापडत नसेल तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक बघा. त्यात जन्म-मृत्यू गावनिहाय लिहिलेले असतात.

दत्तक

सरदार घराण्यात दत्तक नाही असं क्वचित. जिल्ह्यातलंच सर्वांत मोठं उदाहरण मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचं. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हाररावांना गादीवरून काढल्यावर खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव दत्तक घेतला. तेच सयाजीराव तिसरे. रक्ताच्या तक्त्यात ते काशीरावांखाली, गादीच्या तक्त्यात खंडेरावांखाली. तुमच्या तक्त्यातही दत्तकाला दोन्ही जागी दाखवा: जन्माच्या जागी अखंड रेघ, दत्तक घराकडे तुटक रेघ, तिच्यावर दत्तविधानाची तारीख आणि दत्तकपत्राचा क्रमांक. एका जागी दाखवलं की एक शाखा निर्वंश वाटते, तारखेविना दोन्ही जागी दाखवलं की एका माणसाची दोन माणसं होतात.

तारीख महत्त्वाची, कारण कायदा २१ डिसेंबर १९५६ ला बदलला. त्याआधी विधवेने घेतलेला दत्तक नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा मुलगा धरला जाई, आणि मधल्या काळातले हक्क उलटे फिरत. त्यानंतरचा दत्तक त्या दिवसापासून पुढे, आणि आधीच दुसऱ्याच्या नावे झालेली मिळकत तो काढून घेऊ शकत नाही. आपल्या भागातल्या जुन्या धर्मशास्त्रानुसार विधवेला नवऱ्याच्या लेखी परवानगीशिवायही दत्तक घेता येई. "परवानगी नव्हती म्हणून दत्तक खोटा" हा युक्तिवाद ऐकून घाबरू नका.

कोण केव्हा वारलं, त्यावर वारसा

तक्ता तयार झाला की प्रत्येक मृत्यूसमोर त्या दिवशी लागू असलेला कायदा लिहा. १७ जून १९५६ पूर्वी वारलेल्या एकत्र कुटुंबातल्या पुरुषाचा हिस्सा मुख्यतः हयात पुरुषांकडे जाई. १९३७ पासून विधवेला नवऱ्याचा हिस्सा मर्यादित हक्काने मिळू लागला, आणि तिच्या ताब्यात असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला. १७ जून १९५६ नंतर मुली, विधवा, आई या पहिल्या वर्गाच्या वारस. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून तोवर लग्न न झालेल्या मुली सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हक्कदार), आणि ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्याच मुली जन्माने सहदायाद. त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेली वाटणी मोडत नाही.

"आमच्यात थोरल्यालाच जातं" ही रूढी या कायद्यापुढे टिकत नाही. अपवाद हिंदू वारसा कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे: संस्थानिकाने भारत सरकारशी केलेल्या करारानुसार किंवा आधीच्या कायद्यानुसार एकाच वारसाकडे जाणारी इस्टेट. सुरगाण्यासारख्या विलीन झालेल्या संस्थानाच्या बाबतीत करार वाचून बघण्यात अर्थ आहे, तिथेही खासगी मिळकतींची यादी नेमकी काय म्हणते यावर सगळं अवलंबून. सरदार-इनामदारांना हा अपवाद लागू करायला वकील निघालाच तर त्याला करार दाखवायला सांगा.

किताबाचं काय? संविधानाच्या कलम १८ ने किताब संपवले, १९७१ च्या २६ व्या दुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही गेले. त्यामुळे किताबाला कायदेशीर वारस नसतो आणि त्यासाठी कुठेही अर्ज करता येत नाही. "राजेबहादूर" सारखा किताब आडनाव झाला असेल तर तो आडनाव म्हणून सगळ्यांचाच. मानाच्या ओळीत मात्र दसऱ्याची पूजा कोण करणार हे कुटुंबाने आपसात लिहून ठेवलं तर बरं, आणि त्या लेखात मिळकतीचा एक शब्दही घालू नये.

वारस नोंद आणि दाखले

शेतीसाठी: मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते-नाती असलेलं प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ जोडून तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं, उशीर झाला तरी नोंद होते. अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही देता येतो. आधी गाव नमुना ६-क मध्ये वारसांची चौकशी, मग फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, पंधरा दिवसांची हरकतीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त होते आणि सुनावणी लागते. निकाल विरोधात गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील. फेरफार महसुली नोंद आहे, मालकीचा निकाल नव्हे. बहिणीचं नाव गाळून नोंद करून घेतली म्हणून तिचा हक्क जात नाही, फक्त वीस वर्षांनी दावा येतो आणि तोवर जमीन चार वेळा विकलेली असते.

मधल्या दोन-तीन पिढ्यांची नोंदच झाली नसेल तर थेट पणतवाचं नाव लावायचा आग्रह धरू नका. प्रत्येक मृत्यूची नोंद क्रमाने करून घ्या. बँकेतल्या ठेवी, शेअर यांसाठी दिवाणी न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला लागतो, आणि निव्वळ वारस ठरवून घ्यायचे असतील तर १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा वारस दाखला. दोन्हींत जाहीर नोटीस निघते, तेव्हा दुरावलेल्या भाऊबंदांना ती वर्तमानपत्रात वाचायला लावण्यापेक्षा आधी फोन केलेला परवडतो.

देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं नाव असतं, तुम्ही वहिवाटदार. ती जमीन वाटता किंवा विकता येत नाही. देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर विश्वस्त बदलल्यापासून नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. हा राहून जातो, आणि वीस वर्षांनी कागदोपत्री सगळे विश्वस्त मयत असतात.

वाड्यातली हत्यारं, दागिने, चित्रं यांची फोटोसह यादी करून सगळ्या पातींच्या सह्या घ्या. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे, परदेशातल्या भावाला "आजोबांची तलवार" देण्याआधी हे सांगून ठेवा.

पक्का तक्ता ए-३ कागदावर घ्या, पाच पिढ्यांच्या वर एका पानात कोंबू नका. प्रत्येक नावाखाली पुराव्याचा क्रमांक आणि त्याचा दर्जा लिहा: "अ" म्हणजे समकालीन लेखी, "आ" म्हणजे नंतरचा लेखी, "इ" म्हणजे तोंडी. तलाठ्याकडे आणि कोर्टात देताना "इ" वर उभी असलेली वरची पिढी वगळून द्या, लागते तेवढीच वंशावळ द्या. एक प्रत प्रत्येक पातीकडे, एक वकिलाकडे. आणि पुढच्या वेळी गंगेवर गेलात की उपाध्यांच्या वहीत चालू पिढीची नोंद स्वतःच्या हाताने करा, लेकीसुनांच्या नावांसकट, इसवी सन घालून.